आबांच्या गालावरची पट्टी

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यातून सतत पाणी वाहत असेल, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. हातात रुमाल देता, औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणता, ‘वय झालं आता’ म्हणता आणि आपल्या कामाला लागता. त्यांना उजेडात बसवून, समोर बसून, त्या डोळ्याची पापणी तुम्ही शेवटची कधी पाहिली?

प्रश्न तावातावानं विचारते आहे, हे मला कळतं. पण रिठदच्या आबांना ज्यानं पाहिलं, त्याला तो शांतपणे विचारता येणार नाही.

आबा लांबूनही ओळखू यायचे. उन्हानं रापलेला चेहरा, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, डावा डोळा कायमचा मिटलेला आणि उजव्या डोळ्याखालून गालावर तिरकी उतरलेली पांढरी चिकटपट्टी. रिसोडच्या बाजारात त्यांच्या भाजीला त्या पट्टीचंच नाव होतं. ‘पट्टीवाल्या आबाची मेथी आहे,’ असं बाया एकमेकींना सांगत. एखादं नवं गिऱ्हाईक विचारायचं, “काय लागलं आबा?” आबा वजनाचा काटा सरळ करत म्हणायचे, “लागलं काही नाई. पापनी बांधून ठेवली. उंडारते, आत जाते.”

पापणी बांधून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण आबांना ओळखणाऱ्यांना त्यात नवल वाटत नव्हतं, कारण आबा सगळंच बांधून ठेवायचे. सदऱ्याच्या खिशात सुतळीचा गुंडा कायम असायचा. टमाट्याची झाडं बांबूला, दोडक्याचा वेल मांडवाला, इथवर ठीक. पण चष्म्याची तुटलेली काडी सुतळीनं बांधलेली. फवारणीच्या पंपाचा पट्टा, सायकलचं कॅरिअर, चपलेचा अंगठा, सगळं सुतळीनं. मळ्याच्या फाटकाची बिजागरी मी शाळेत जायला लागले त्याच्या आधी मोडली होती. तेव्हापासून फाटक सुतळीवर होतं आणि उघडायचं म्हणजे आधी उचलायचं. कुणी हसलं की आबांचं एकच वाक्य, “बांधलं का झालं.”

मंजुळाआजी, म्हणजे आबांची बायको, ओट्यावर भाजी निवडता निवडता म्हणायच्या, “लग्नात मलेही सुतळीनंच बांधलं असतं या बुढ्यानं. भटजी मधात आला म्हनून वाचली.”

“अजूनही गुंडा हाय खिशात,” आबा म्हणायचे.

त्यांचा मळा आमच्या घराच्या मागच्या बाजूला. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडिलांचं आयुष्य मोर्चे, सभा आणि छापखान्याच्या चकरांमध्ये गेलं. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, आणि वाचायला शिकले ती छापील बाजूवर. पुढे मीही तेच लिहायला लागले. गावाच्या पाण्यावर, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीवर, बोगस बियाण्यावर. ‘तात्पुरती मलमपट्टी नको’ हे माझं आवडतं वाक्य. जवळजवळ प्रत्येक पत्रकात ते ठळक टायपात असायचं. आणि त्या पत्रकांचे सगळ्यात मोठे वितरक होते आबा. उरलेले गठ्ठे ते घेऊन जायचे आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या त्यात गुंडाळायचे.

“आबा, ते वाचायसाठी असते,” मी चिडून म्हणायची.

“मंग? तू वाटते तवा लोक खिशात कोंबते. मी देतो तवा बाई सांबार निवडता निवडता सारं वाचते. परवा एक बाई म्हने, आबा, पुढचं काय झालं? मागचं पान ओलं होऊन फाटलं म्हने.”

मी फाटकाकडे बोट दाखवायची. “आधी ती बिजागरी बदला.”

“बिजागरी आनली तं सुतळीचं काय करू?”

आमचं भांडण हे असं होतं. मला सगळं मुळापासून दुरुस्त करायचं असायचं. आबांना आजचा दिवस निभावला की पुरत असे. गोष्ट फाटकाची होती तोवर मीही हसून सोडून देत होते.

पण मग डोळ्याची वेळ आली. आणि आबांना डोळा एकच होता.

डावा डोळा तरुणपणीच गेला होता. कुंपणाला बोरीच्या काट्या रचताना काटा घुसला, दवाखाना लांब, दिवस पेरणीचे; कुणीतरी झाडपाला बांधला आणि डोळा गेला. आबा त्याचं दुःख करत बसले नाहीत. “एकानं सारंच दिसते,” म्हणायचे. “दुसरा उगाच जोडीले होता.” उरलेल्या उजव्या डोळ्यावर त्यांचा मळा चालत होता. वांग्याच्या पानामागची कीड त्यांना बांधावरून दिसायची.

त्याच डोळ्यातून पाणी यायला लागलं. आधी वाऱ्यात, मग सावलीत, मग दिवसभर. लाल व्हायचा, चिकटायचा. बाजारात एक बाई वांगी निवडताना थांबली आणि हळूच म्हणाली, “आबा, घरचं कोनी गेलं का?”

“कोनी नाई गेलं, बाई. वांगे घे, नाईतर मी खरंच रडीन.”

औषधाच्या दुकानातून थेंब आले. एक बाटली संपली, दुसरी आली, तिसरी वेगळ्या रंगाच्या झाकणाची आली. कुणीही डोळा पाहिला नाही. सगळ्यांनी फक्त पाणी पाहिलं. मग भावकीतल्या एकानं चिमटा आणला आणि आत वळलेले पापणीचे केस उपटून दिले. थोडे दिवस आराम पडला. आबा खूश. पण केस पुन्हा आले, आखूड आणि ताठ, आणि पहिल्यापेक्षा जास्त टोचायला लागले. “डोयात कोनी खराटा फिरवून राह्यलं, पोरी,” ते म्हणाले. डोळ्याला ते ‘डोया’ म्हणायचे, आमच्याकडे सगळेच म्हणतात. पण त्या दिवशी ‘खराटा’ ऐकून मी जागेवरून उठले.

तालुक्याला नेत्रशिबिर होतं. मी आबांना घेऊन गेले. मंडपात लांब रांग, समोर टेबल, टेबलावर बॅटरी. आमचा नंबर आला. टेबलावरच्या माणसानं आबांच्या डोळ्यात उजेड टाकला आणि म्हणाला, “मोतीबिंदू नाही. पुढचे.”

“पण डोळा दुखतो त्यांचा.”

“ताई, हे मोतीबिंदूचं शिबिर आहे.”

“डोळ्याचं नाही?”

“ताई, मागं रांग पाहा.”

मी टेबलावर हात आपटला. मला जे जे बोलता येत होतं ते मी बोलले. मोतीबिंदू नसलेला माणूस आंधळा झाला तर तो तुमच्या हिशेबात धरायचा की नाही, असं काहीतरी. आबा माझी बाही ओढत होते, “चाल वं, चाल.” तो गलका ऐकून आतून एक तरुण डॉक्टर आला. त्यानं आबांना मंडपाच्या बाहेर, उजेडात नेलं. “डोळे घट्ट मिटा, आजोबा. अजून घट्ट. आता उघडा.” आबांनी उघडले आणि माझ्यासमोर ती गोष्ट घडली. खालच्या पापणीची कड हळूच आतल्या बाजूला गुंडाळली गेली, केसांसकट. सगळे केस बुबुळावर टेकले. इतके महिने आम्ही पाणी पुसत होतो, केस उपटत होतो आणि कारण असं उघड्यावर होतं.

डॉक्टरनं बोटानं पापणी खाली ओढून सरळ केली आणि चिकटपट्टीचा तुकडा केसांच्या जरा खाली लावून गालावर तिरका ताणून चिकटवला. “ही फक्त तात्पुरती सोय आहे. पापणीची छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल. वाशीमला जा, उशीर करू नका.” एवढं बोलून तो पळत आत गेला.

आबांनी डोळा मिटला, उघडला. पुन्हा मिटला, उघडला. खराटा थांबला होता. एकाच तुकड्यानं. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते पाहूनच मला समजलं की डॉक्टरचं पुढचं वाक्य त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

“पाह्यलं का, पोरी? बांधलं का झालं!”

परत येताना त्यांनी दुकानात होत्या तेवढ्या सगळ्या चिकटपट्ट्या घेतल्या.

तिथून मळ्यात रोज सकाळी एक सोहळा सुरू झाला. टमाट्याचं रिकामं कॅरेट उलटं घालून आबा त्यावर बसायचे, तोंड सूर्याकडे. आजी ओल्या फडक्यानं त्यांचा गाल पुसायच्या, कोरड्या पदरानं टिपायच्या, दातानं पट्टी तोडायच्या आणि जीभ ओठांत धरून, सुईत दोरा ओवावा तशा एकाग्रतेनं ती चिकटवायच्या.

“हालू नोका. हालले तं नाकाले चिकटवीन.”

“तोंडाले चिकटव, तुह्या कामी येईन.”

“ते तं पहिल्या दिवसापासून राह्यलंच.”

मी बांधावर उभी राहून पाहत असे. दोघांचं हे रोजचं ऐकून हसू यायचं, पण हसतानाही माझी नजर त्या पट्टीवरच राहायची. पावसाळ्यात पट्टी ओली होऊन सुटायची. उन्हाळ्यात घामानं घसरायची. गालाची कातडी सोलवटली, तेव्हा आजींनी पट्टी जरा बाजूला लावली. तिथली सोलवटली, तेव्हा परत मूळ जागी. दुपारी कधीतरी पट्टी ढिली व्हायची, पापणी आत जायची, आबा डोळा मिटून बांधावर बसायचे. “थोडी हवा लागून राह्यली,” म्हणायचे. असं करता करता वर्ष उलटलं, आणि अजून एक पावसाळा गेला.

मी मागे लागले. रोज. पाणी भरताना, भाजी तोडताना, बाजाराच्या गाडीत.

“आबा, आपरेशन करून घ्या ना.”

“कायले? चालून राह्यलं ना.”

“चालत नाही. तुमी दुपारी डोळा मिटून बसता.”

“म्हातारा मानूस दुपारी डोया मिटतोच.”

“आबा, ही पट्टी म्हणजे तुमच्या फाटकाची सुतळी आहे. एक दिवस...”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला. हातातली मेथी खाली ठेवली आणि म्हणाले, “हे पाह्य पोरी. तुहं पत्रक चुकलं तं तू दुसरं छापशीन. माह्या हा एक डोया चुकला तं कोन छापून देईन? दोन असते तं एक देला असता डाक्टरले, घे बाप्पा, कर काय करतं ते. एकच हाय. त्याले सुरी लावू देऊ?”

मी घरी जाऊन येरझाऱ्या घालत राहिले. एकच आहे म्हणून तर जायला हवं, हे वाक्य मला तेव्हा कुठं सुचलं, आणि दुसऱ्या दिवशी ते मी त्यांना ऐकवलं. त्यांनी ऐकलं आणि दोडक्याचा वेल बांधत राहिले.

मग आजी पडल्या. पाणी सोडलेल्या वाफ्यात पाय घसरला, उजवा हात मनगटात मोडला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. सकाळच्या सोहळ्याचा कारभारीच जायबंदी झाला. आबा आरशात पाहून स्वतः पट्टी लावायला गेले. जरा विचार करा. एकच डोळा, तोच दुखरा, त्याच डोळ्यानं आरशात पाहायचं आणि त्याचीच पापणी खाली ओढायची. पट्टी कधी कानाकडे जायची, कधी पापणीच्या केसांवरच चिकटायची. मी लावून द्यायला गेले, तर आजी झोळीतला हात सावरत मागून हुकूम सोडायच्या, “खाली नाई, तिरपी घे. अजून तिरपी. अवं, पत्रक नाई चिकटवून राह्यली तू भिंतीवर!” माझ्या हातानं लावलेली पट्टी दुपारपर्यंतही टिकेना.

एका सकाळी आजींनी आपला प्लास्टरचा हात आबांच्या तोंडासमोर धरला. “ही पाहा. माही पट्टी एक दिवस सुटनार हाय. आत हाड जुळलं का सुटनार. तुमची कवा सुटन? आत काय जुळून राह्यलं तुमच्या?”

आबा फडकं घेऊन गाल पुसत राहिले. पण त्या आठवड्यात डोळा उजेड सहन करेना. बुबुळावर खालच्या बाजूला पांढुरका ठिपका आला होता, पिठाच्या कणासारखा. मी तो पाहिला. आजींनी पाहिला. आबांनी आरसा उलटा करून ठेवला होता.

तरी ते बाजारात गेले. मीही सोबत गेले, कारण आता त्यांच्या शेजारी बसल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. पोतं अंथरलं, मेथी, पालक, सांबाराच्या जुड्या मांडल्या. एक ओळखीची बाई आली, नेहमीचीच. जुडी उचलली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, “आबा, हे काय? सांबारात गाजरगवत!”

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. “आबा, खाज सुटाची भाजी आनली का नवीन?”

आबांनी जुडी हातात घेतली. डोळ्याजवळ नेली, मग नाकाजवळ. आयुष्य ज्यानं सांबार पिकवण्यात घालवलं, त्यानं पहाटे डोळा मिटून, हातानं चाचपून कापणी केली होती, आणि वाफ्याच्या कडेचं गवत त्याच्या मुठीत आलं होतं. पानं सारखी दिसतात. पण फरक ओळखायला आबांना कधी वेळ लागला नव्हता. त्यांनी जुडीची सुतळी सोडली. मग दुसरीची. मग पोत्यावरच्या एकेक जुडीची. मी त्यांना जन्मभर बांधताना पाहिलं होतं. सोडताना पहिल्यांदा पाहत होते. मोकळा सांबार पोत्यावर पसरला, त्यात ठिकठिकाणी गाजरगवताची पानं. डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि त्या दिवशी ते कशाचं होतं ते मी विचारलं नाही.

“चाल,” ते म्हणाले.

“कुठं?”

“तू रोज सांगते तिथं.”

वाशीमच्या डॉक्टरबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. दिव्याच्या यंत्रासमोर हनुवटी ठेवून डोळा बराच वेळ पाहिला. आणि मग शिबिरात ज्याला कुणालाच वेळ नव्हता ते काम केलं. समजावून सांगितलं.

“आजोबा, पायजम्याचं इलॅस्टिक सैल पडलं की काय होतं?”

“खाली येते. आनखी काय.”

“पापणीतही तसा आधार असतो. वयानं तो सैल पडतो. मग मिटताना पापणीची कड आत गुंडाळते. केस बिचारे जागेवरच आहेत, कड त्यांना घेऊन आत वळते. दर मिटण्याला ते बुबुळावर घासतात. म्हणून पाणी, म्हणून लाली, आणि म्हणून आता ही जखम.”

“मंग तुमी काय करनार?”

“सैल झालेलं आवळणार आणि टाके घालणार.”

आबांनी हनुवटी यंत्रावरून उचलली. मग हळूच म्हणाले, “म्हंजे बांधनार.”

“हो. बांधणार.”

“मंग मी काय येगळं करत होतो?”

“तुम्ही बाहेरून बांधत होता. मी आतून बांधते.”

आबांनी मान वळवून मला शोधलं. “आतून बांधते म्हने. इतके दिवस काहून नाई सांगतलं असं? तू तं नुसती आपरेशन, आपरेशन.”

मी ‘मुळापासून’ हा शब्द किती वेळा वापरला होता, आणि ज्या माणसाला बांधण्याची भाषा कळते त्याच्याशी त्या भाषेत बोलायचं मला सुचलं नव्हतं. पत्रकात असलं काही शिकवत नाहीत.

“एकच हाय, बाई,” आबा डॉक्टरबाईंना म्हणाले. तेच वाक्य, पण या वेळी आवाज चढलेला नव्हता.

“माहीत आहे मला. डाग थोडा राहील. सगळं पहिल्यासारखं दिसेल असं वचन देत नाही. जे उरलंय ते वाचवते.”

आधी जखमेसाठी औषध सुरू झालं. तोवर पट्टी दवाखान्यातली नर्स लावायची. आजींच्या मते तिचा हात बरा होता, पण ‘जरा घाई करते’. जखम भरल्यावर शस्त्रक्रियेचा दिवस आला. भूल फक्त पापणीपुरती, म्हणून आतून आबांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. मी दाराशी येरझाऱ्या घालत होते, आजी बाकावर प्लास्टरचा हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. आतून ऐकू आलं, “बाई, गाठ पक्की मारजा. सरकती नोको.” आणि डॉक्टरबाईंचं हसणं. आजी हसल्या आणि लगेच डोळ्याला पदर लावला.

शस्त्रक्रिया म्हणण्याइतकी मोठी ती नव्हतीच. आमचा चहा गार होण्याआधी आबा बाहेर आले. पण त्यानंतरचा दिवस मी विसरणार नाही. डोळ्यावर जाड बोळा बांधलेला. दोन डोळ्यांच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. आबांसाठी तो पूर्ण अंधार होता. खाटेवर बसून ते विचारायचे, “ऊन कुठवर आलं?” आजी सांगायच्या, “खिडकीत.” थोड्या वेळानं पुन्हा, “आता?” “खाटीच्या पायाशी.” मग हात खिशाकडे जायचा, दवाखान्याच्या कपड्यांना खिसा नव्हता, सुतळी नव्हती. बोटं चादरीची किनार चाचपायची. मी जाऊन यायची, व्हरांड्यात उभी राहायची, परत यायची. हा डोळा गेला तर, हा विचार मी कितीही चालले तरी मागे पडत नव्हता. ऑपरेशनचा लकडा मी लावला होता.

दुसऱ्या दिवशी बोळा निघाला. नर्सला चादरीच्या किनारीला ओळीनं गाठी मारलेल्या सापडल्या. पापणी सुजलेली, लाल, काळे टाके. आबांनी डोळा मिटला. उघडला. मिटला. उघडला. “घासत नाई,” ते म्हणाले. मग नजर हळूहळू स्थिरावली, कोपऱ्यापासून फिरत आजींवर आली आणि झोळीतल्या हातावर थांबली.

“बुढे, तुहं पलस्तर लय मयलं झालं वं.”

आजी हसत होत्या की रडत होत्या, सांगता येणार नाही. “माहं सुटनारच हाय. तुमची सुटली.”

टाके निघाले, सूज उतरली. डागाचं धुकं एका कोपऱ्यात राहिलं. “तेवढा पडदा राहू दे,” आबा म्हणायचे, “त्या कोपऱ्यात भावकी बसते.” मजा अशी की रापलेल्या गालावर पट्टीच्या आकाराची गोरी तिरकी खूण कितीतरी दिवस होती, जणू पट्टी अजून आहे. आजींचं प्लास्टर सुटलं आणि सकाळचा सोहळा पुन्हा सुरू झाला. आबा त्याच कॅरेटवर बसायचे, आजी ओल्या फडक्यानं गाल पुसायच्या, कोरड्या पदरानं टिपायच्या. चिकटवायला काही नव्हतं. ती खूण पुसट होत गेली तसा आजींचा हात तिथं जरा जास्त रेंगाळायचा.

फाटकाला बिजागरी मात्र शेवटपर्यंत आली नाही. “फाटकाले डोया नसतो,” हे त्यावरचं उत्तर.

आबांना नवी सवय लागली. बाजारात म्हातारं माणूस समोर आलं की भाजी तोलायच्या आधी म्हणायचे, “डोये मीट बरं घट्ट. अजून घट्ट. आता उघड.” लोक हसायचे, तरी मिटायचे. किन्हीराजा गावची एक म्हातारी भाजी घ्यायला आली होती, पदरानं डोळे टिपत. आबांनी तिची पापणी आत वळताना पाहिली आणि तिच्या मुलाला असा झापला की पोरगा भाजी न घेताच आईला घेऊन दवाखान्याच्या रस्त्याला लागला. त्या दिवशी आबा बाजारातून आले ते थेट माझ्या दाराशी.

“पत्रक छाप.”

“कशाचं?”

“पापनीचं. पन लय लिहू नोको. तुहं आधीचं सारं मी सांबाराले गुंडाळलं, मले माहीत हाय तू किती लिहिते. चार ओळी लिही. जुडीवर दिसन अशा.”

मी लिहिलं. शिबिरांवर ताशेरे ओढणारं पानभर. पापणीचा माणूस रांगेतून परत का पाठवता, हा सवाल मी आजही मागे घेत नाही. तो दर शिबिराच्या मंडपाबाहेर उभी राहून विचारते. पण आबांनी ते पान माझ्याकडूनच वाचून घेतलं आणि एकेक ओळ खोडायला लावली. उरल्या त्या चार ओळी. त्या मेथीला आणि सांबाराला गुंडाळून गावोगाव गेल्या.

मागच्या थंडीत आबा गेले. डोळ्यानं नाही, छातीनं. मळ्यातच, दोडक्याच्या मांडवाखाली. दहाव्यानंतर एका सकाळी मी मळ्यात गेले. फाटक उचलून उघडलं. आजी कॅरेटवर बसल्या होत्या, तोंड सूर्याकडे, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी काही न विचारता समोर उकिडवी बसले. हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. “आजी, डोळे घट्ट मिटा बरं.”

आजींनी माझा हात बाजूला केला. “सोड वं. मले काही नाई झालं. मी रडून राह्यली.”

मी तरीही पाहिलं. पापण्या जागेवर होत्या.

आता तुम्ही. हे वाचून बाजूला ठेवू नका. आबांनी खोडून खोडून ठेवलेल्या त्या चार ओळी खाली देते आहे. त्या वाचा आणि उद्या सकाळी तेवढं करा.

घरच्या म्हाताऱ्या माणसाला उजेडात बसवा आणि समोर बसा.
डोळे घट्ट मिटून उघडायला सांगा आणि पापण्यांची कड पाहा.
कड आत वळत असेल, केस बुबुळाला टेकत असतील, तर नुसते थेंब घालू नका, केस उपटू नका, पट्टी लावून थांबू नका.
डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन जा. आजच.